पिशवीत आधी काय आहे?

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी संमेलनात दिलेले भाषण)



‘विद्यार्थ्यांना मदत’ या विषयावर मी चार शब्द बोलावेत अशी कार्यवाहांची आज्ञा झाली. या विषयावर उपदेश करण्याचा अधिकार व्यासपीठावरील वडीलधाऱ्यांचा आहे. मी शाळामास्तर. मी उपदेश करीत नाही; एका चुकीची हकीकत सांगतो. चूक माझी आहे आणि ती गोल्फ नावाच्या खेळासंबंधी आहे.

“बुऱ्हाणपूर कोठे आणि गोल्फ कोठे!” असे म्हणून कोणी हसले तर मी त्यास दोष देणार नाही. आपले शहर यंत्रमागांचे आणि केळीच्या बागांचे. गोल्फची काठी हाती घेतलेला माणूस आपल्या गल्लीत क्वचितच दिसावयाचा. परंतु माझा एक विद्यार्थी शाळा सुटल्यावर मुंबईस मामाकडे गेला आणि तेथे गोल्फच्या मैदानावर कॅडी म्हणून काम करू लागला. कॅडी म्हणजे खेळणाऱ्याची पिशवी खांद्यावर घेऊन त्याच्याबरोबर चालणारा. ठरलेल्या दिवशी कॅडींनाही खेळू देत, आणि हा मुलगा खेळू लागला, चांगला खेळू लागला.

यात नवल काही नाही. दिल्लीचे अली शेर असेच कॅडी होते. त्यांनी १९९१ साली इंडियन ओपन ही मानाची स्पर्धा जिंकली आणि १९९३ साली पुन्हा जिंकली. त्यांच्यापूर्वी एकाही भारतीय धंदेवाईक खेळाडूस ती जिंकता आली नव्हती. मुंबईत चेंबूरला बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब १९२७ सालापासून आहे. त्या भागातील कॅडी मुलांनी वस्तीच्या गल्लीबोळांतून लोखंडी सळई वाकवून, प्लास्टिकच्या चेंडूने हा खेळ खेळून दाखविला. गरिबाच्या मुलास हा खेळ येत नाही असे नव्हे. त्याचे सामान मात्र त्यास परवडत नाही.

आमच्या मुलाने पत्र लिहिले. एका सद्गृहस्थाने त्यास आपल्या जुन्या काठ्यांचा संच दिला होता. “सर, यात वेज एकच आहे. आणखी दोन मिळाल्या तर मी कॅडींच्या स्पर्धेत उतरेन.” आम्ही माजी विद्यार्थ्यांत वर्गणी केली. यंत्रमागावर रात्रपाळी करणाऱ्या एकानेही आपला वाटा आणून दिला. जमलेली रक्कम माझ्या हाती आली. ती अमानत होती.

आता ही वेज म्हणजे काय, ते सांगितले पाहिजे. वेज या शब्दाचा अर्थ पाचर. सुताराची पाचर जशी फटीत शिरते, तशी ही काठी चेंडूच्या खाली शिरते आणि त्यास उंच उडविते. तिचे पोलादी तोंड मागे कललेले असते. त्या कलास लॉफ्ट म्हणतात आणि तो अंशांत मोजतात. कल जितका अधिक, तितका चेंडू उंच जातो आणि तितका जवळ पडतो. कलाचे महत्त्व बुऱ्हाणपूरकरांना मी काय सांगावे? अब्दुल रहीम खानखानांच्या काळात, १६१५ साली, आपल्या कुंडी भंडाऱ्याचे काम झाले. त्याचे पाणी जमिनीखालून नुसत्या उताराच्या बळावर शहरापर्यंत वाहत आले. कल चुकला असता तर पाणी आले नसते. वेजचेही तसेच आहे.

पहिली पिचिंग वेज, ती लोखंडी काठ्यांच्या संचाबरोबरच येते. तिच्यानंतरची गॅप वेज, सुमारे ५० ते ५२ अंशांची. तिसरी सँड वेज, ५४ ते ५८ अंशांची, वाळूच्या खड्ड्यातून चेंडू काढण्यासाठी. चौथी लॉब वेज, ६० अंश किंवा अधिक, अगदी जवळून उंच उडवून चेंडू जागच्या जागी बसविण्यासाठी.

मग चारही का घेऊ नयेत? कारण या खेळात पिशवीस मर्यादा आहे. १४ काठ्या, त्याहून एकही अधिक नाही. पूर्वी अशी मर्यादा नव्हती. नामांकित खेळाडू वीस-पंचवीस काठ्या बाळगीत आणि तो भार कॅडीच्या खांद्यावर पडे. कसब अंगी बाणवावयाचे सोडून लोक ते दुकानातून विकत घेऊ लागले, अशी टीका होऊ लागली. अखेर अमेरिकेत १९३८ साली आणि ब्रिटनमध्ये १९३९ साली १४ काठ्यांचा नियम झाला. तो आजही आहे आणि तो मोठ्यालाही सोडीत नाही. २००१ साली ब्रिटिश ओपनच्या अखेरच्या दिवशी इयान वूझनम हा वेल्सचा खेळाडू आघाडीवरच्यांत होता. दुसऱ्या टप्प्याच्या आरंभी त्याच्या पिशवीत १५ काठ्या निघाल्या. २ फटक्यांचा दंड झाला. तो तिसऱ्या क्रमांकाच्या बरोबरीत राहिला. दंड नसता तर दुसरा आला असता. तात्पर्य, एक काठी आत घ्यावयाची तर दुसरी बाहेर काढावी लागते.

हे सारे मी पुढे वाचले. वर्गणीची रक्कम हाती आली तेव्हा मात्र मला काहीच ठाऊक नव्हते. मी एका जाणत्यास विचारले, “थोर खेळाडू काय बाळगतात?” तो म्हणाला, “५६ आणि ६०.” आम्ही ५६ आणि ६० अंशांच्या दोन नव्या, लखलखीत वेज घेऊन मुलाकडे पाठविल्या. छायाचित्र आले, शाळेच्या फलकावर लागले, सर्वांना आनंद झाला. त्या मुलास मात्र एक प्रश्न कोणीच विचारला नाही: बेटा, तुझ्या पिशवीत आधी जी वेज आहे, ती किती अंशांची आहे?

कॅडींची स्पर्धा झाली. अखेरच्या टप्प्यापर्यंत मुलगा बरोबरीत होता. त्याचा चेंडू निशाणापासून १०८ वारांवर पडला. त्याची जुनी पिचिंग वेज पुऱ्या फटक्यास १२५ वार जाई, आमची ५६ची ९० वार. मधल्या ३५ वारांसाठी त्याजपाशी काठीच नव्हती. त्याने पिचिंग वेज हळू मारली, तीही जोरात गेली. चेंडू हिरवळीपलीकडच्या झुडपांत गेला आणि स्पर्धा हातची गेली.

सुटीत तो घरी आला तेव्हा मला भेटावयास आला. फार आग्रह केला तेव्हा बोलला. “सर, ६०ची मी पिशवीत ठेवतो, पण काढीत नाही.” मी म्हणालो, “मग लिहिले का नाहीस?” तो खाली पाहून म्हणाला, “एवढ्या प्रेमाने दिलेल्या वस्तूत खोट कशी काढू?”

मित्रहो, त्या रात्री मला झोप आली नाही. घेणाऱ्याची जीभ उपकाराने बांधली गेली होती, आणि ती बांधणारे आम्हीच होतो.

मग आम्ही दोघे कागद-पेन्सिल घेऊन बसलो. त्या मुलानेच मला शिकविले. पूर्वी पिचिंग वेज ५० अंशांच्या आसपासची असे. पुढे कारखानदारांनी, आपली काठी चेंडू लांब नेते असे दिसावे म्हणून, तिचा कल कमी करीत आणला. आज ४५ अंशांची, किंबहुना त्याहूनही उभी, पिचिंग वेज सर्रास मिळते. काठीवर अक्षर तेच, पण काठी निराळी! त्याची ४५चीच निघाली. ४५ आणि ५६ यांत ११ अंशांची फट. दोन वेजमध्ये ४ ते ६ अंशांचे अंतर ठेवावे असा साधा हिशेब आहे; म्हणजे दोन फटक्यांच्या पल्ल्यात दहा-पंधरा वारांहून फारसा अधिक फरक पडत नाही. त्यास हवी होती ५० किंवा ५१ची, आणि आम्ही दिली ६०ची!

दुसरी गोष्ट काठीच्या बुडाची. सँड वेजचे बूड मागच्या बाजूस खाली फुगलेले असते; त्यास बाउन्स म्हणतात. त्याची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. जीन सारझन या अमेरिकन खेळाडूस वाळूचे खड्डे फार छळीत. विमानाच्या शेपटीची हालचाल पाहून आपणांस युक्ती सुचली, असे ते सांगत. त्यांनी काठीच्या बुडास धातूचा डाग देऊन ते जाड केले. काठी वाळूत रुतावयाची थांबली, घसरून पुढे जाऊ लागली. त्याच काठीनिशी १९३२ साली त्यांनी ब्रिटिश ओपन जिंकली. पण वाळूत जे बूड तारते, तेच उन्हाळ्यातल्या टणक जमिनीवर मारते: काठी आपटून उसळते आणि तिची धार चेंडूच्या पोटावर बसते. म्हणून दहा अंशांवरचा बाउन्स वाळूस आणि पावसाळी मऊ जमिनीस चांगला, चार-सहाचा कठीण जमिनीस. आपण कोणत्या जमिनीवर उभे आहोत, हे पाहून काठी घ्यावी. आमच्या ५६ला १४चा बाउन्स होता. वाळूत ती उत्तम. मे महिन्यातल्या मैदानावर निरुपयोगी. यास्तव नवी वेज घ्यावयाची ती कमी बाउन्सची, असे ठरले.

तिसरी गोष्ट पल्ल्याची. थोर खेळाडूचा पल्ला तो आपला पल्ला नव्हे. मुलाने प्रत्येक वेजने दहा-दहा चेंडू मारले, पावलांनी अंतर मोजले, सर्वांत लांबचे आणि सर्वांत जवळचे सोडून उरलेल्यांची सरासरी वहीत लिहिली. पुन्हा अर्ध्या आणि पाऊण झोक्याचे मोजले. तीन वेज आणि तीन झोके मिळून नऊ पल्ले हाती आले. नवव्या इयत्तेत मी ज्यास सरासरी शिकविली आणि जी त्यास कधी आली नाही, त्याच मुलाची ही वही! ती मी जपून ठेवावयास सांगितली आहे.

अखेर एका वयस्क खेळाडूने त्याची ६०ची घेऊन आपली वापरलेली ५०ची वेज त्यास दिली. तिचे तोंड किंचित झिजलेले आहे, चकाकी गेली आहे. पण १०८ वारांवर आता त्याजपाशी उत्तर आहे. १४ काठ्यांत वेज तीन: ४५, ५० आणि ५६. जवळच्या उंच फटक्यासाठी ५६चेच तोंड थोडे उघडे धरावयास तो शिकला. स्पेनचे सेव्ह बॅयेस्टेरोस लहानपणी समुद्रकिनारी एकाच तीन नंबरच्या लोखंडी काठीने सर्व तऱ्हेचे फटके शिकले आणि पुढे तीन वेळा ब्रिटिश ओपन जिंकले. पुरती ओळखीची एक काठी अनोळखी तिघींस भारी पडते.

तेव्हा कोणी तरुण मला विचारील की कोणत्या वेज घ्याव्या, तर मी सांगेन: प्रथम आपल्या पिचिंग वेजचे अंश मोजून घे. मग फट कोठे आहे ते पाहा आणि ती बुजव. नंतर आपली जमीन पाहून बूड निवड. चौथी वेज घेण्याचा मोह झालाच, तर तिच्यासाठी कोणती काठी बाहेर काढणार ते आधी ठरव. आणि जे घेशील त्याचा पल्ला वहीत लिही.

आता संस्थेस एक नम्र विनंती. आपण शिष्यवृत्त्या देतो, पुस्तके देतो, शिवणयंत्रे देतो. देणाऱ्यांची नियत साफ आहे यात शंका नाही. परंतु आमचीही नियत साफच होती, आणि फट तशीच राहिली. आपल्या अर्जाच्या कागदावर नाव, वय, वडिलांचे उत्पन्न, मागील परीक्षेचे गुण, सर्व काही विचारलेले आहे. त्यात एक ओळ वाढवावी: ‘आपणापाशी आधी काय आहे, आणि नेमके काय कमी पडते?’ आणि मदत दिल्यानंतर सहा महिन्यांनी एखाद्या विश्वस्ताने घरी जाऊन विचारावे, “दिलेली वस्तू वापरात आहे का? नसेल तर बदलून देऊ.” एवढे शब्द कानी पडले की घेणाऱ्याची जीभ मोकळी होते.

आपली संस्थाही एक पिशवीच आहे. तीत किती मावते यास मर्यादा आहे. वर्गणी देणारे हात कष्टाचे आहेत. म्हणूनच तिच्यातून निघणारी प्रत्येक गोष्ट कोणाची तरी खरी फट बुजविणारी असावी. पुढील पन्नास वर्षे खुदाने संस्थेस अशी देण्याची ताकद द्यावी आणि देण्यापूर्वी विचारण्याची नम्रताही द्यावी, एवढी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.