प्रश्न मोबाइलचा नाही, संघटनेचा आहे



आजच्या तरुणाला राजकारणात रस नाही, ही तक्रार आपल्या शिबिरांतून वारंवार ऐकू येते. तिला नेपाळच्या तरुणांनी २०२५ साली उत्तर दिले. ४ सप्टेंबरला तेथील सरकारने फेसबुक, यूट्यूब यांसह २६ समाजमाध्यमांवर बंदी घातली. पुढाऱ्यांच्या मुलांच्या ऐषारामाची छायाचित्रे त्याआधीच मोबाइलवरून फिरत होती; आणि पोटासाठी आखातात, मलेशियात गेलेल्यांच्या घरची मुलेही ती पाहत होती. ८ सप्टेंबरला तरुण रस्त्यावर उतरले. त्या एका दिवसात १९ जणांचे बळी गेले. दुसऱ्या दिवशी पंतप्रधान ओली यांना पायउतार व्हावे लागले.

विषमता डोळ्यांना दिसली की राजकीय जाणीव जागी होते, हाच याचा अर्थ. परंतु त्याच ९ सप्टेंबरला संसद भवन आणि सर्वोच्च न्यायालय पेटले, तेव्हा जमावाला आवरील अशी संघटना तेथे नव्हती. समाजमाध्यमे शेवटी भांडवलदारांच्या मालकीची आहेत. माणूस पडद्यासमोर जितका खिळून राहील, तितका त्यांचा नफा वाढतो. ती संताप पसरवतील. कार्यकर्ता घडवणे हे त्यांचे काम नव्हे.

ते काम आपले आहे. तेव्हा तरुणांना मोबाइल खाली ठेवण्याचा उपदेश पुरे झाला. त्यांना बैठकीला बोलवा. मात्र सतरंज्या उचलण्यासाठी नव्हे, ठराव मांडण्यासाठी!