विमानातल्या गाई आणि नत्रातली कांडी

५ जून २०१७ ला सौदी अरेबिया, अमिराती, बहारीन आणि इजिप्तने कतारची कोंडी केली. सौदीचा रस्ता बंद झाला आणि रोजच्या दुधाचा प्रश्न उभा राहिला. जुलैत बुडापेस्टहून १६५ होल्स्टीन गाई विमानाने दोह्यात उतरल्या. त्यांचे फोटो जगभर छापून आले. अल खोरच्या बाजूला वाळवंटात 'बलदना' या दूध कंपनीच्या गोठ्यांत पुढे वीस हजारांवर गाई झाल्या आणि देशाच्या दुधाची गरज भागू लागली.

पण पैसे मोजून गाय आणता येते, तिला माजावर आणता येत नाही. गाय व्याली तर दूध, नाहीतर ती भाकड. होल्स्टीनला पंचवीस अंशांपुढे त्रास सुरू होतो. कतारच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर असतो. उकाड्यात माज मुका होतो. भरवलेली गायही उलटते, कारण पहिल्या काही दिवसांतला गर्भ उष्णता सोसत नाही. तिथल्या गोठ्यांतले पंखे आणि फवारे हा श्रीमंती थाट आहे असं कोणाला वाटेल; त्यांच्याविना कृत्रिम रेतनाचा खर्च पाण्यात जातो.

हे रेतन होतं गोठवलेल्या वीर्याच्या कांडीने. उणे १९६ अंशांच्या द्रव नत्रात ठेवलेली ही कांडी पाव मिलिलिटरची. ती काढून सदतीस अंशांच्या पाण्यात अर्धा मिनिट धरायची, पुसून कोरडी करायची आणि लगेच वापरायची. ही जगभरची रीत. आपल्याकडे मणिभाई देसाईंनी १९६७ साली उरुळी कांचनला 'बाएफ' ही संस्था उभी केली आणि पुढे ही कांडी मोटारसायकलवरून शेतकऱ्याच्या दारात पोहोचली. एका छपराखाली हजारो गाई सांभाळण्यापेक्षा, वस्तीवस्तीवर एकेक-दोन-दोन गाई असणाऱ्यांपर्यंत वेळेत पोहोचणं मला जास्त अवघड वाटतं.

अरबांना कृत्रिम रेतनाची कल्पना नवी नाही. १३२२ साली एका अरब सरदाराने शत्रूच्या घोड्याचं वीर्य पळवून आपली घोडी भरवली, अशी आख्यायिका सांगतात. खरीखोटी देव जाणे. आज दोह्याच्या 'अल शकब' या अश्वकेंद्रातल्या, २००० साली जन्मलेल्या मरवान या अरबी घोड्याची संतती देशोदेशींच्या प्रदर्शनांत बक्षिसं मिळवते. अरबी घोड्यांत कृत्रिम रेतन चालतं. शर्यतीच्या थरोब्रेडला मात्र ते वर्ज्य. तिथे घोडा-घोडी प्रत्यक्ष एकत्र यावीच लागतात. हा निर्बंध जीवशास्त्राचा नाही, वंशनोंदणीच्या नियमाचा आहे, आणि त्याने नराचा भाव चढाच राहतो.

कतारमधलं मला सर्वांत मोठं वाटणारं काम मात्र दुधाचं नाही, घोड्याचंही नाही. ब्राझीलचा निळा पोपट स्पिक्स मकाव २००० नंतर रानात दिसेनासा झाला. शेख सौद बिन मोहम्मद अल थानी यांच्या 'अल वब्रा' केंद्रात तो पिंजऱ्यांत जगला, पण जोड्या जमेनात. २०१३ साली जर्मन पशुवैद्यांच्या मदतीने तिथे कृत्रिम रेतनातून या जातीची पहिली पिल्लं निघाली. रेत मिळे ते थेंबाहूनही कमी. आणि २०२२ साली काही मकाव पुन्हा ब्राझीलच्या रानात सोडले गेले.

समोर गोठेवाले बसले आहेत, म्हणून एवढं सांगतो. गाय सकाळी माजावर दिसली तर संध्याकाळी भरवून घ्या. आणि कांडीवरचा वळूचा क्रमांक वहीत उतरवून ठेवा. उद्या तिच्या कालवडीला त्याच वळूची कांडी पडायला नको.