पाणीपट्टीतले न दिसणारे लिटर

विजेचे बिल हाती आले, की आपण आधी युनिट पाहतो. ते वाढले असतील तर घरात चौकशी सुरू होते. पाणीपट्टीच्या बाबतीत असे घडत नाही. मीटर नसलेल्या नळाची पट्टी वर्षाची ठोक असते आणि आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या बहुतेकांना तीच ओळखीची आहे. त्या बिलावर रुपये असतात, थकबाकी असते. लिटर मात्र नसतात.

मीटर असेल तिथे हिशेब सोपा. पाण्याचा एक युनिट म्हणजे एक घनमीटर, म्हणजेच १००० लिटर. समजा, मागचे रीडिंग ४१० आणि चालू ४२८. वापर झाला १८ युनिट, म्हणजे १८ हजार लिटर. बिल ६० दिवसांचे असेल तर रोजचे ३०० लिटर. घरात पाच माणसे, तर माणशी ६० लिटर.

मीटर नसेल तर? एक बादली आणि एक घड्याळ पुरते. मी घरी हेच केले. १५ लिटरची बादली दीड मिनिटात भरली. म्हणजे मिनिटाला १० लिटर. नळ दीड तास चालला, तर ९०० लिटर. आता खरी मेख पुढे आहे. पाणी सहा दिवसांतून एकदा येत असेल, तर हे ९०० लिटर सहा दिवस पुरवायचे. रोजचे १५० झाले. पाच माणसांत माणशी ३० लिटर. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनने खेड्यांसाठी किमान ५५ लिटर धरले आहेत. नळाला पाणी येते तेव्हा धो धो वाटते, पण भागाकार केला की ते निम्म्याच्या आसपास भरते.

ठोक पट्टीत आणखी एक गोष्ट झाकली जाते. नळाला मोटार लावून हौद भरणारा आणि शेवटच्या टोकाला दोन घागरींसाठी थांबलेली बाई, दोघांनाही पट्टी सारखीच. शिवाय कमी पडलेले पाणी टँकरने किंवा जारने घ्यावे लागते. तो खर्च पाणीपट्टीत मिळवून एकूण लिटरने भागा. मग पाणी स्वस्त की महाग ते कळेल.

गळतीही अशीच मोजता येते. ठिबकणाऱ्या तोटीखाली २०० मिलिलिटरचा पेला ठेवा. तो दहा मिनिटांत भरला, तर दिवसाला जवळजवळ २९ लिटर गेले. वर काढलेल्या हिशेबात एका माणसाचे दिवसाचे पाणी एवढेच होते!

माणशी हिशेब का करायचा? एप्रिल २०१६ मध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आले. पहिल्या गाडीत सुमारे पाच लाख लिटर होते. आकडा मोठा वाटतो. पण २०११ च्या जनगणनेनुसार शहराची वस्ती पावणेचार लाखांच्या वर होती. माणशी जेमतेम सव्वा लिटर!

धाराशिव शहराचे पाणीही सोलापूर जिल्ह्यातल्या उजनी धरणातून, चढावर उपसून येते. म्हणून भिंतीवरच्या कॅलेंडरवर पाणी आल्याची तारीख आणि नळ किती मिनिटे चालला ते लिहीत चला. ‘पाणी कमी येते’ या तक्रारीला ‘बघू’ असे उत्तर मिळते. ‘गेले तीन महिने आमच्या गल्लीत माणशी ३० लिटर येते’ असे लेखी मांडले, तर तेवढ्यावर भागत नाही.