कविता आधी कानी पडावी



पुस्तकांच्या दुकानात कविता आणि लोकगीते ऐकण्याची संध्याकाळ बेंगळुरूला नवी नाही. २०१२ साली सुरू झालेल्या ‘अट्टा गलट्टा’ने भारतीय भाषांतील पुस्तकांसोबत काव्यवाचनालाही हक्काची जागा दिली. पीण्या औद्योगिक क्षेत्रात पाळीत काम करणाऱ्या पालकाला मात्र अशी संध्याकाळ सहज सापडत नाही.

तरीही कारखाना आणि कविता यांचे नाते जुने आहे. मुंबईच्या गिरणगावात शाहीर अमर शेख यांचे गाणे निरक्षर कामगारांपर्यंतही पोहोचले. गिरणी कामगाराच्या घरी वाढलेले नारायण सुर्वे शाळेत शिपाई होते, पुढे शिक्षक झाले आणि १९९५ साली परभणीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षही.

परप्रांतात वाढणाऱ्या मुलाच्या कानी ओवी, भारूड, पोवाडा पडला असेल, तर पुस्तकातील मराठी त्याला ओळखीची वाटते. म्हणून पालकांनी महिन्यातील एक सुटीची संध्याकाळ राखावी. मुलांसह पुस्तकांच्या दुकानात जावे, तेथे कन्नड गीतही आदराने ऐकावे. आणि घरी परतल्यावर आजीला तिची ओवी म्हणावयास सांगावे. यात विलंब नको. आजीच्या कित्येक ओव्या कोणत्याही पुस्तकात छापलेल्या नाहीत.