बंदुकीचा टेकू

माझा एक जुना विद्यार्थी नोकरीनिमित्त दक्षिण आफ्रिकेंत स्थायिक झाला आहे. तिकडे परवाना काढून हरणांची शिकार करतां येते. गेल्या पावसाळ्यांत त्यानें पत्रानें विचारलें, "गुरुजी, बंदूक टेकवावयास कोणतें साधन घेऊं?" आपल्याकडे १९७२ च्या वन्य जीव संरक्षण कायद्यानें शिकार बंद आहे, तेव्हां हा प्रश्न एका निवृत्त मास्तरास कां, असें आपणांस वाटेल. राष्ट्रीय छात्रसेनेच्या मुलांना वाळूच्या पिशवीवर रायफल टेकवून नेम धरावयास मीं शिकविलें, एवढाच माझा अधिकार. परंतु प्रश्नाशीं माझा संबंध त्याहून जुना आहे.

१९६९ सालीं मी नऊ वर्षांचा होतों. कोंकणांत आमच्या भाताच्या खाचरांत रानडुकरें येत. वडिलांपाशीं परवान्याची ठासणीची बंदूक होती. एका चांदण्या रात्रीं त्यांनीं उभ्यानेंच बार काढला. शेजारींच फणसाचें झाड होतें. घाईंत त्याचें भान राहिलें नाहीं. डुकराचा मागचा पाय मोडला आणि तें तसेंच करवंदीच्या जाळींत शिरलें. तिसऱ्या दिवशीं गिधाडांनीं जागा दाखविली. वडील इतकेंच म्हणाले, "फणसाला टेकावयाचें राहिलें."

हा हिशेब शाळेंतल्या भूमितीचाच आहे. रायफलीची मागची खांच आणि नळीच्या टोंकावरची माशी यांत ६० सेंटिमीटर अंतर धरा. माशी एक मिलिमीटर सरकली, तर समरूप त्रिकोणांच्या नियमानें १०० मीटरांवर गोळी सुमारें १७ सेंटिमीटर बाजूला पडते. हरणाच्या हृदय-फुप्फुसांची जागा जेमतेम वीतभर! आणि उभ्या माणसाची माशी नुसत्या श्वासानेंही तेवढी हलते.

म्हणूनच टेकू ही कांहीं आजची कल्पना नव्हे. तिबेटांतील शिकारी तोड्याच्या बंदुकीला बिजागरीचे दोन पाय लावीत आणि त्यांच्या टोंकांस चिरू नांवाच्या हरणाचीं शिंगें बसवीत. अमेरिकेंत १८७० च्या दशकांत बायसनचे शिकारी जड रायफल दोन काठ्यांच्या कैचींत ठेवून बसल्या जागीं बार काढीत. त्यांनीं त्या प्राण्याचा जवळजवळ निःपात केला, हेंही येथें सांगितलें पाहिजे.

विद्यार्थ्याला मीं लिहिलें: प्रथम तुझें रान पाहा, मग दुकान. एका पायाची काठी हलकी असते, चालतांना आधारासही येते; पण ती बंदुकीचें वरखालीं होणें थांबविते, बाजूचें डुलणें तसेंच राहतें. दोन काठ्यांची कैची बसून नेम धरणारास उत्तम. रायफलीलाच जोडावयाचे आंखूड दोन पाय निजून बार काढणाराचे. तुमच्या तिकडच्या उंच गवतांत निजलेल्या माणसाला गवतच दिसेल. तेव्हां उभ्या माणसाला तिकाटणें हवें. तिकडचे वाटाडे तीन काठ्या सायकलच्या जुन्या रबरी नळीच्या पट्टीनें बांधून तें करतात आणि तें उत्तम चालतें. चार पायांचें साधन पुढचें लांकूड व दस्ता दोन्ही तोलतें, म्हणून सर्वांत स्थिर. पण जनावर चार पावलें सरकलें कीं तें सारें उचलून फिरवावें लागतें. हौसेनें घेतलेलें असलें साधन बहुधा मोटारींतच राहतें!

काठ्यांची उंची दुसऱ्याच्या नव्हे, आपल्या खांद्यास जुळवून घ्यावी. धातूचे पाय एकमेकांवर आपटून वाजतात. त्यांना कातडें गुंडाळावें. खडकाळ जागीं पायांस रबर, मऊ मातींत अणकुचीदार टोंक. आणि टेकूवर ठेवावयाचें तें नळीखालचें लांकूड, नुसती नळी कधींच नव्हे. तेंही मऊ गादीवर, कारण कठीण वस्तूवर ठेवलेली बंदूक उसळते आणि गोळी वर जाते.

त्यानें विचारलें होतें, किती पैसे घालूं? मीं उलट विचारलें, काठ्या उघडून नेम स्थिर करावयास तुला किती वेळ लागतो? महिनाभर रिकाम्या रायफलीनें घरींच मोजून पाहा. त्याचें उत्तर गेल्या आठवड्यांत आलें. आरंभीं त्याला पंधरा सेकंद लागत, आतां सहा लागतात. मधल्या काळांत एक हरीण समोर येऊन निघून गेलें, त्यानें बार काढला नाहीं.

आमचा नातू ताडोब्याला गेला, तेव्हां कॅमेऱ्याच्या लांब भिंगाखालीं ठेवण्यासाठीं मीं त्याला धान्य भरलेली लहानशी पिशवी शिवून दिली. जीपच्या कडेवर ती छान बसते म्हणतो.