बदलापूर कुठलं, आकडा कधीचा?

उल्हासनगरचा कॅम्प ५ जीन्सच्या धंद्यासाठी ओळखला जातो. तिथल्या एखाद्या कारखानदाराने फोनवरच्या सहायकाला विचारलं, ‘आमच्या भागात कपड्याचे नोंदणीकृत उद्योग किती?’ तर आताचे सहायक आधी शिकलेल्या माहितीवरच थांबत नाहीत. ते इंटरनेटवर जातात, सरकारी तक्ते उघडतात, हव्या त्या ओळी वेचतात आणि बेरीज करून सांगतात. असं काम स्वतःहून उरकणाऱ्या प्रणालीला एआय एजंट म्हणतात. बेरजेत तो सहसा चुकत नाही. त्याचं घोडं पेंड खातं ते त्याआधी, कुठल्या खात्याचा कुठला तक्ता उघडायचा हे ठरवताना.

कॅम्प ५ चंच बघा. दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधी निर्वासित आले, १९४९ मध्ये वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळालं, आणि कॅम्पांचे क्रमांक मात्र लोकांच्या तोंडी तसेच राहिले. पत्त्यात अजूनही बॅरेक नंबर लिहितात. जनगणनेला या कॅम्पांशी कर्तव्य नाही. २०११ च्या जनगणनेत उल्हासनगरची लोकसंख्या ५,०६,०९८ आहे. कॅम्प ५ ची वेगळी ओळ नाही. वॉर्डांचे आकडे आहेत, पण २०१७ च्या महापालिका निवडणुकीतले बहुसदस्यीय प्रभाग त्या जुन्या वॉर्डांशी जुळत नाहीत. टपाल खात्याकडे मात्र या भागाची खूण आहे: पिनकोड ४२१००५. केंद्र सरकारच्या खुल्या डेटाच्या संकेतस्थळावर ‘उद्यम’ नोंदणी झालेल्या उद्योगांची यादी आहे आणि तिच्यात पिनकोडचा स्तंभ आहे. म्हणजे कारखानदाराच्या प्रश्नाला उत्तर मिळू शकतं. एजंटने ‘कॅम्प ५’ हे शब्द शोधत बसण्याऐवजी पिनकोड धरला पाहिजे. आणि ही यादी नोंदणीची आहे, चालू असलेल्या शिलाई मशीनची नव्हे, हेही त्याने सांगितलं पाहिजे. घरात बसून जॉबवर्क करणारी बाई त्या यादीत असेलच असं नाही.

शेजारी बदलापूरला दुसरीच अडचण. बदलापूर नावाचं गाव उत्तर प्रदेशात जौनपूर जिल्ह्यातही आहे, तिथे त्याच नावाची तहसील आहे. नुसतं ‘बदलापूर’ शोधणारा एजंट तिथले आकडे उचलून आणू शकतो, तेही अगदी ठामपणे. आपलं बदलापूर जनगणनेत ‘कुळगाव-बदलापूर’ म्हणून सापडतं, २०११ ची लोकसंख्या १,७४,२२६. अंबरनाथचं इंग्रजी स्पेलिंग तर दोन प्रकारे लिहिलं जातं. नावांच्या या गुंत्यावर सरकारने तोडगा काढलेला आहे. केंद्रीय पंचायती राज मंत्रालयाची स्थानिक शासन निर्देशिका प्रत्येक जिल्ह्याला, तालुक्याला, गावाला आणि नगरपालिकेला स्वतंत्र क्रमांक देते. ‘उद्यम’च्या यादीतही जिल्ह्याचा असा क्रमांक आहे. प्रत्येक खात्याने प्रत्येक तक्त्यात तो छापला, तर जौनपूर आणि ठाणे यांची गल्लत होणारच नाही.

क्रमांकानेही न सुटणारा एक पेच आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून पालघर वेगळा झाला. २०११ मध्ये ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या १,१०,६०,१४८ होती ती पालघर धरून. हा आकडा घेऊन आजच्या ठाण्याचं दरडोई काहीही काढलं, दवाखाने असोत की शाळा, तरी उत्तर चुकणार. तक्त्याच्या माथ्यावर ‘विभाजनापूर्वीचा जिल्हा’ एवढे दोन शब्द असते तर यंत्र वाचलं असतं आणि माणूसही.

चांगला तक्ता कसा असतो? खुल्या डेटाचं राष्ट्रीय धोरण आणि संकेतस्थळ दोन्ही २०१२ ची. त्या संकेतस्थळावर हवेच्या गुणवत्तेचा ताजा तक्ता मिळतो. त्यात राज्य, शहर, मोजणी केंद्र, अक्षांश-रेखांश, शेवटची नोंद कधीची आणि कोणता प्रदूषक, हे सगळं आपापल्या स्तंभात असतं. बदलापूरच्या कात्रप केंद्राची ओळख त्यातून नेमकी पटते. स्थळ आणि वेळ कळली की एजंटचं निम्मं काम झालं.

आता उल्हास नदी घ्या. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बाहेर काढावं लागलं. बदलापूरला नदीची इशारा पातळी १६.५० मीटर आणि धोका पातळी १७.५० मीटर. पावसाळ्याच्या रात्री नदीकाठच्या माणसाला आत्ताची पातळी हवी असते, आणि ती पुष्कळदा त्याच्यापर्यंत पोचते फोनवर फिरणाऱ्या चित्रातून. चित्रावर तारीख पुसट असली तर एजंट गेल्या वर्षीचा आकडा आजचा म्हणून वाचून दाखवेल. इथे चूक जिवावर बेतू शकते. मोजणीची वेळ मिळत नसेल तर एजंटने आकडा सांगूच नये, जिल्हा आपत्ती कक्षाचा १०७७ हा क्रमांक सांगावा.

वाट अगदीच बंद नाही. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये अँथ्रोपिक कंपनीने एमसीपी नावाचं खुलं मानक जाहीर केलं. त्याच्या आधाराने एखादं खातं एजंटला थेट सांगू शकतं की आमच्याकडे हे तक्ते आहेत आणि ते असे मागा. केंद्रीय सांख्यिकी मंत्रालयाने आपल्या ई-सांख्यिकी संकेतस्थळासाठी अशी सोय प्रायोगिक स्वरूपात सुरू केली आहे. स्तुत्य पाऊल आहे. पण तिथले बहुतेक आकडे देशाचे आणि राज्याचे. नळाचं पाणी, नाले, मालमत्ता कर यांचे आकडे नगरपालिकांकडेच असतात. ते अनेकदा स्कॅन केलेल्या पीडीएफमध्ये अडकतात, नाहीतर जुन्या मराठी फॉन्टमध्ये, ज्यातून ओळ कॉपी केली की रोमन अक्षरांची खिचडी हाती येते.

माहिती अधिकार कायदा २००५ चं कलम ४ सार्वजनिक प्राधिकरणांना अभिलेखांची सूची ठेवायला आणि माहिती स्वतःहून प्रसिद्ध करायला सांगतं. उल्हासनगर महापालिका, अंबरनाथ नगरपरिषद आणि कुळगाव-बदलापूर नगरपरिषद या तिघींनाही ते लागू आहे. श्रोतेहो, तुमच्या नगरसेवकाकडे एक मागणी जरूर करा: प्रत्येक तक्ता मजकूर निवडता येईल अशा रूपात द्या आणि त्यावर पिनकोड, शासन निर्देशिकेचा क्रमांक, तारीख आणि खात्याचं नाव छापा. आणि फोनवरच्या सहायकाने एखादा सरकारी आकडा सांगितला की त्याला लगेच विचारा, हा कुठल्या खात्याचा आणि कधीचा.