तीर्थांची नगरी आणि नगरपरिषदेचा धर्म



वाशिम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी येथे होती. परंपरा या नगरीत 108 तीर्थे सांगते. त्यांतील पद्मतीर्थ आजही लोकांच्या तोंडी आहे. अठराव्या शतकात भवानी काळू यांनी बालाजीचे मंदिर उभारले आणि देवतलावही बांधला. देवासाठी मंदिर बांधणाऱ्याने नगरासाठी पाणी साठवावे, हे त्या काळी कोणाला वेगळे सांगावे लागत नसे.

या श्रद्धेमागे भूमीचे अचूक ज्ञान होते. वाशिमचे पठार तापी आणि गोदावरी या दोन खोऱ्यांच्या सीमेवर आहे. काटेपूर्णा उत्तरेकडे वाहत पूर्णेला मिळते. पूस आणि अरुणावती यांचे पाणी पैनगंगेकडे जाते. नद्यांचे माहेर असलेली भूमी जलसंपन्न असावी असे वाटते. परंतु उगमापाशी नदी लहान असते आणि पडलेला पाऊस दोन्ही उतारांनी निघून जातो. खाली काळा कातळ. तेव्हा येथे जे पाणी अडवले, तेच खरे.

आता पावसाची चालही बदलली आहे. मध्य भारतात 1950 ते 2015 या काळात अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिपटीने वाढल्या, असे 2017 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखविले. दोन तासांत रस्ते तुंबवणारा पाऊस आणि मग कोरडे आठवडे, ही दोन्ही संकटे एकाच शहरावर येतात. एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. वाशिम शहराची मदार एकबुर्जी जलाशयावर आहे. ज्या शहराचा एकच आधार, त्याने लातूर विसरू नये.

मग उपाय कोणी करायचा? 74 वी घटनादुरुस्ती 1 जून 1993 पासून अमलात आली. बाराव्या अनुसूचीतील 18 विषयांत पाणीपुरवठा, नगररचना आणि पर्यावरणरक्षण आहेत. म्हणजे मुंबई-दिल्लीकडे बोट दाखविण्यापूर्वी नगरपरिषदेच्या सभागृहाकडे पाहिले पाहिजे.

कामे अवघड नाहीत, चिकाटीची आहेत. तलाव आणि नाले यांच्या हद्दी मोजून त्या नकाशावर कायम कराव्यात. नाल्याच्या पात्रातील बांधकामाला, ते कोणाचेही असो, परवानगी नसावी. सांडपाणी तलावात जाऊ नये. छतावरचे पाणी जिरविण्याची अट केवळ कागदावर राहू नये. शंभर चौरस मीटरच्या छतावर 750 मिलिमीटर पाऊस पडला, तर 75 हजार लिटर पाणी होते. पाचवा भाग वाया गेला तरी 60 हजार लिटर हाती उरते. उन्हाचेही तसेच. 2010 च्या जीवघेण्या लाटेनंतर अहमदाबाद महापालिकेने 2013 मध्ये उष्णता कृती आराखडा केला. पूर्वसूचना, पाणपोया, सावली आणि रुग्णालयांची सज्जता यांसाठी मोठे धरण लागत नाही.

राज्य शासनाने 2 ऑक्टोबर 2020 रोजी ‘माझी वसुंधरा’ अभियान आरंभिले. त्याची मांडणी भूमी, जल, वायू, अग्नी, आकाश या पंचमहाभूतांवर आहे. विचार परिचित आहे. प्रश्न आचाराचा आहे. गुणांसाठी लावलेले रोप पुढच्या उन्हाळ्यात कोण जगवितो, यावर त्याचे मोल ठरेल.

येथे समाजालाही स्वतःकडे पाहावे लागेल. ज्या पाण्याला तीर्थ म्हणून हात जोडायचे, त्यातच निर्माल्याची पिशवी सोडायची, ही भक्ती नव्हे. मंडळे, देवस्थाने, शाळा आणि महिला गट यांनी एकेक तलाव, एकेक विहीर दत्तक घेतली, तर नगरपरिषदेच्या हातांना बळ येईल.

राज्यातील नगरपरिषदा काही वर्षे प्रशासकांच्या हाती होत्या. डिसेंबर 2025 मध्ये निवडणुका झाल्या. मत देऊन नागरिकाचे कर्तव्य संपत नाही. अंदाजपत्रकात तलावासाठी किती आणि कमानींसाठी किती, हे प्रत्येक प्रभागाने विचारावे.

भवानी काळू यांच्या तलावाचे पाणी अनेक पिढ्यांनी पाहिले. आजच्या पिढीने पुढच्यांसाठी काय बांधून ठेवले, याचा हिशेब उद्याचे वाशिम मागणार आहे.